धुक्यावर जगणारा कंद: लिमाच्या वाळवंटातलं आमांकाय

पेरूची राजधानी लिमा वाळवंटात वसलेली आहे, हे नकाशा बघून पटत नाही. समोर प्रशांत महासागर, मागे अँडीजची रांग आणि विषुववृत्तापासून अंतर जेमतेम 12 अंशांचं. मांडणी आपल्या कोकणासारखीच दिसते: उष्ण कटिबंध, समुद्र, आणि किनाऱ्याला समांतर उभा डोंगर. कोकणात या मांडणीतून वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लिमात वर्षभराची बेरीज 15 मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. मुंबईत जुलैतल्या एखाद्या सरीत तेवढा अर्ध्या तासात पडून जातो.

अशा या गावाभोवतीच्या टेकड्यांवर जून संपता संपता मातीतून हिरवे दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला गर्द पिवळी, हाताच्या ओंजळीत मावतील एवढी फुलं उमलतात. झाडाचं नाव आमांकाय. वनस्पतिशास्त्रातलं नाव इस्मेने आमांकाएस. पेरूच्या मध्य किनाऱ्याबाहेर ते रानात कुठेच उगवत नाही, आणि तिथेही मोजक्या टेकड्यांवरच. लिमाची ओळख म्हणून हेच फूल सांगितलं जातं, पण लिमात राहणाऱ्या लाखो लोकांनी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं.

वाळवंटातली वनस्पती दुर्मिळ का, याचं सोपं उत्तर 'पाणी नाही म्हणून' असं कुणीही देईल. आमांकायच्या बाबतीत ते उत्तर चुकतं. पाण्याशिवाय राहायला हा कंद चांगला शिकलेला आहे. त्याची अडचण जागेची आहे, आणि ती जागा इतकी चिंचोळी का, हे कळायला आधी समुद्राकडे बघावं लागतं.

थंड समुद्र आणि वर बसलेलं झाकण

पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान 29-30 अंशांपर्यंत जातं. लिमासमोरचं पाणी तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, 15 ते 17 अंशांच्या आसपास असतं. याला दोन कारणं. एक, दक्षिणेकडून किनाऱ्याला धरून वर येणारा हंबोल्ट प्रवाह. दुसरं, वाऱ्यामुळे पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं. हे वर येणारं पाणी पोषक द्रव्यांनी भरलेलं असतं, म्हणून पेरूच्या किनाऱ्यावर मासळी अमाप. पण पावसाच्या दृष्टीने हेच पाणी घातक.

गार पाण्याला लागून असलेली हवाही गार होते. दमट असते, पण गार हवा जड, वर चढायला नाखूष. त्यात तिच्या डोक्यावर आणखी एक थर येऊन बसतो. दक्षिण प्रशांतावर जवळजवळ कायम जास्त दाबाचं केंद्र असतं, आणि तिथून हवा हळूहळू खाली उतरत राहते. उतरताना दाबली जाते, दाबली गेल्यामुळे तापते आणि कोरडी होते. परिणाम असा की खाली गार, दमट हवा आणि वर उबदार, कोरडी. नेहमीचा क्रम उलटा झाला. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पुण्यात हिवाळ्याच्या सकाळी धूर वर न जाता पेठांवर तरंगत राहतो, त्यामागेही हीच गोष्ट असते, फक्त पुण्यात ऊन वर आलं की ती मोडते. लिमात ती महिनोन्‌महिने टिकते.

ढग तयार होतात, पण त्यांना उंच वाढता येत नाही. पाऊस पडण्यासाठी ढगाला उंची लागते, थेंबांना एकमेकांवर आदळून मोठं व्हायला जागा लागते. इथे ढगाचा एक सपाट, राखाडी पत्रा समुद्रावरून सरकत येतो आणि शहरावर थांबतो. त्यातून जे पडतं त्याला तिथले लोक गारुआ म्हणतात. भुरभुर म्हणावी तर तीही नाही. छत्री उघडली तर लोक हसतील आणि न उघडली तर तासाभराने शर्ट ओला लागेल, अशा जातीचा ओलावा.

चार्ल्स डार्विन 1835 च्या जुलैमध्ये बीगल जहाजातून कायाओ बंदरात उतरला. गॅलापागोसला जाण्याआधीचा हा मुक्काम. लिमाच्या हवेवर तो फारसा खूश नव्हता. पहिल्या सोळा दिवसांत शहरामागची डोंगररांग फक्त एकदा दिसली, अशी त्याची तक्रार आहे. पेरूच्या खालच्या भागात पाऊस पडतच नाही असं सगळे सांगतात, पण रस्त्यांवर चिखल होईल आणि कपडे ओले होतील एवढं काहीतरी रोज पडतं, आणि लोक त्याला पेरूचं दव म्हणतात, असं त्याने काहीशा खवचटपणे नोंदवलं आहे. त्याच पुस्तकात तो लिमाजवळच्या टेकड्यांवरचे शेवाळाचे गालिचे आणि सुंदर पिवळ्या फुलांचे ताटवे यांचा उल्लेख करतो, आणि नावही देतो: आमांकाएस. किनाऱ्यावर खाली दक्षिणेला इकिकेला तेवढ्याच उंचीवर जे दिसलं त्याच्याशी तुलना करून तो म्हणतो की इथे ओलावा कितीतरी जास्त असला पाहिजे. एका फुलावरून हवामानाचा अंदाज बांधायची ही पद्धत अगदी बरोबर होती.

टेकडीवरचा हिरवा पट्टा

ढगाचा हा पत्रा साधारण 200-300 मीटर उंचीपासून 800-1000 मीटरपर्यंत असतो. किनाऱ्यावरच्या सपाट जमिनीच्या तो वर राहतो. पण जिथे अँडीजच्या पायथ्याच्या टेकड्या समुद्राच्या दिशेने पुढे आल्या आहेत, तिथे ढग थेट उतारावर आदळतो. आता तो ढग राहत नाही, धुकं होतं. त्यातले थेंब इतके बारीक असतात की आपल्या वजनाने खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत असतात. गवताचं पातं, दगडाची कड, शेवाळ, निवडुंगाचा काटा, झाडाची फांदी, जे आडवं येईल त्यावर ते चिकटतात, एकत्र येतात आणि मग ओघळतात. म्हणजे इथे पाणी वरून पडण्यापेक्षा बाजूने जास्त येतं. उघड्या जमिनीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकात जेमतेम काही जमेल, पण शेजारच्याच झाडाखालची माती भिजलेली सापडेल.

या धुक्यावर जगणाऱ्या हिरव्या टेकड्यांना स्पॅनिशमध्ये लोमास म्हणतात. पेरूच्या उत्तर भागापासून चिलीच्या उत्तर भागापर्यंत, साधारण 8 ते 30 अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान, किनाऱ्यालगत त्या तुकड्यातुकड्यांनी पसरल्या आहेत. डिसेंबर ते मे या काळात बघितलं तर तपकिरी माती आणि दगड यांपलीकडे काही नाही. जून-जुलैत धुकं लागलं की पंधरा-वीस दिवसांत हिरवळ. हजारो वर्षांपूर्वी लोक या पट्ट्याच्या आधाराने राहत होते. लिमाच्या दक्षिणेला चिल्काजवळ पालोमा नावाची फार जुनी वस्ती उत्खननात सापडली आहे, ती अशाच एका लोमासच्या कडेची.

पट्ट्याच्या खाली गेलात तर धुकं जमिनीला टेकत नाही, वाळवंट. वर गेलात तर ते उबदार झाकण, तिथे ऊन आणि कोरडी हवा, पुन्हा वाळवंट. आमांकायला वर सरकता येत नाही आणि खालीही उतरता येत नाही. एका लोमासपासून दुसऱ्यापर्यंत मध्ये कोरडी जमीन. प्रत्येक टेकडी एक बेटच.

कंद आत काय करतो

कंद समजून घ्यायला कांदा उभा चिरून बघावा. आमांकाय आणि कांदा वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकाच मोठ्या गणातले, आणि आतली रचना तीच. तळाशी एक घट्ट चकती, तिच्यातून खाली मुळं फुटतात. चकतीवर एकात एक बसलेले मांसल पदर. हे पदर म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे, त्यांत अन्न आणि पाणी साठवलेलं. बाहेर कोरडी साल, आतलं पाणी उडू नये म्हणून. आणि अगदी मधोमध पुढच्या हंगामाचा कोंब. टोपलीत राहिलेल्या कांद्याला पाण्याचा थेंब न देता कोंब फुटतो, तो या साठ्यावर.

आमांकायचं वर्ष असं चालतं. नोव्हेंबरच्या सुमारास धुकं विरायला लागतं, पानं पिवळी पडून वाळतात, आणि जमिनीवर त्याची काही खूण उरत नाही. पुढचे सहा-सात महिने कंद मातीत, बहुतेकदा दगडांच्या फटीत, गप्प पडून असतो. मे-जूनमध्ये हवा गार होते, माती ओलावते. मग फुलाचा दांडा झटपट वर येतो. फुलाचा खर्च आधीच्या वर्षीच्या शिलकीतून झालेला असतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीलाच, माती पुरती भिजायच्या आत, फुलायला त्याला परवडतं. एक फूल काही दिवसच टिकतं. पूर्ण बहर जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. त्यानंतर पानांचं काम सुरू होतं. राखाडी आभाळातून मिळेल तेवढ्या उजेडात अन्न तयार करायचं आणि कंदात भरायचं. पुढच्या जूनमध्ये फूल येणार की नाही, हे या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

इथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात येते. फूल तोडलं तर बी गेलं, पण झाड राहिलं. पानं तुडवली तर कंद उपाशी राहिला. कंद उपटला तर सगळंच संपलं. नुकसानीच्या या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. 'फुलं तोडू नका' अशा पाटीने पहिलीच पायरी सांभाळली जाते.

फुलाबद्दल थोडं. बाहेर सहा अरुंद पाकळ्या आणि मधे एक मोठा पिवळा पेला, त्यावर हिरवट रेघा. बघताक्षणी नरगिस, म्हणजे डॅफोडिल, आठवतं. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने पाठवलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रुइझ आणि पावोन 1778 मध्ये पेरूला पोचले, आणि पुढे या झाडाचं वर्णन छापताना त्यांनी ते नरगिसाच्याच कुळीत टाकलं. पण दोन्ही पेले वेगळ्या मालाचे आहेत. नरगिसाचा पेला हा पाकळ्यांच्या बुडाशी आलेला वेगळा पदर असतो. आमांकायचा पेला पुंकेसरांचा असतो: पुंकेसरांचे दांडे बुडाशी रुंद होऊन एकमेकांना जोडले जातात, आणि त्यांची मोकळी टोकं पेल्याच्या काठावरून डोकावतात. इंग्लंडमधले एक धर्मगुरू विल्यम हर्बर्ट, या कुळातल्या झाडांचे नादिष्ट अभ्यासक, यांनी ते नंतर इस्मेने या वेगळ्या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, हलवलं.

हा प्रकार प्रत्यक्ष बघायचा असेल तर पेरूला जायची गरज नाही. आपल्याकडे सोसायट्यांच्या बागांत, रस्त्याच्या दुभाजकांत पांढरी स्पायडर लिली सर्रास लावलेली असते. मधे पातळ पांढऱ्या पडद्यासारखा पेला आणि त्याच्या काठातून निघालेले सहा पुंकेसर. ती आमांकायची जवळची नातलग, तीही मूळची अमेरिका खंडातलीच. अनेक वर्षं दोघींना एकाच प्रजातीत धरत असत.

आता बी. मला या झाडातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि फुलाच्या कौतुकात ती नेहमी राहून जाते. वाळवंटातल्या बहुतेक एकवर्षायू वनस्पतींचं बी बारीक, कोरडं आणि चिवट असतं. मातीत वर्षानुवर्षं पडून राहील, चांगला पाऊस आला की रुजेल. चिलीतल्या आताकामा वाळवंटाच्या 'फुललेल्या' छायाचित्रांमागे अशा बियांचा मोठा हात असतो. आमांकायचं बी याच्या उलट. मोठं, मांसल, हिरवंगार, एखाद्या लहानशा कंदासारखं. त्याच्या आवरणात हरितद्रव्य असतं, पाणी असतं. ते थांबत नाही. पडलं की ओल असताना लगेच रुजायला लागतं, आणि ओल नसेल तर सुकून मरतं. वाऱ्याने उडत नाही. उतारावर थोडं घरंगळलं तर घरंगळलं.

याचा अर्थ, या झाडाची मातीत पुरलेली बियांची ठेव नाही. दुष्काळी वर्षं काढायची ती मोठ्या कंदांनीच. एखाद्या टेकडीवरचे कंद गेले, तर पुढे कितीही चांगलं धुकं आलं तरी ती टेकडी आपोआप फुलणार नाही. शेजारच्या टेकडीवरून बी चालत येणार नाही. आणि रुजलेल्या रोपाला फुलण्याएवढा कंद जमवायला काही वर्षं लागतात. बियाणं थंड, कोरड्या पेटीत दशकानुदशकं जपून ठेवायची नेहमीची युक्ती अशा बियांना चालत नाही. जपायचं तर जिवंत झाडच जपावं लागतं.

माळ होता, जत्रा होती

लिमाची स्थापना 1535 मधली. नदीपलीकडे, आजच्या रिमाक भागात, टेकड्यांच्या कुशीत एक मोकळा माळ होता, पाम्पा दे आमांकाएस. बहराच्या दिवसांत तो पिवळा होई. 24 जूनला, संत योहानाच्या सणाला, तिथे जत्रा भरायची. श्रीमंत बग्ग्यांतून, बाकीचे घोड्यावर, गाढवावर, पायी. खाणंपिणं, गाणी, नाच, आणि संध्याकाळी टोपीत, केसांत, घोड्याच्या लगामाला फुलं खोवून परत. जर्मन चित्रकार रुगेंडास याने 1843 मध्ये ही जत्रा रंगवली आहे. आताच्या नजरेला त्या फुलांच्या लुटीचं वाईट वाटतं, पण शतकानुशतकं ती चालली आणि फूल टिकलं, कारण कंद जमिनीतच राहत होते.

1927 पासून राष्ट्राध्यक्ष लेगिया यांच्या आश्रयाने तिथे लोकसंगीताच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि अँडीजच्या डोंगराळ भागातले वादक-गायक राजधानीच्या या माळावर येऊ लागले. 1930 मध्ये त्याच 24 जूनला आदिवासींचा दिवस म्हणून मान्यता मिळाली. 1969 मध्ये जमीनसुधारणा कायदा त्याच तारखेला जाहीर झाला आणि दिवसाचं नाव बदलून शेतकऱ्यांचा दिवस झालं.

फुलांचा माळ मात्र तोवर संपत आला होता. 1940 मध्ये लिमाची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. आज ती एक कोटीच्या घरात आहे. डोंगराळ भागातली गरिबी, पुढे 1980 च्या दशकातला हिंसाचार, यांतून लोक लोंढ्याने राजधानीत आले. सपाट जमीन भरली तशी घरं टेकड्यांवर चढली. आधी चटयांच्या भिंती, मग पत्रे, मग विटा. पाम्पा दे आमांकाएस आज वस्तीचं नाव आहे. झाडं उरली ती तिच्या मागच्या उंच उतारांवर.

शहर ज्या उंचीवर चढलं, तो नेमका धुक्याचा पट्टा. आणि तो सोडून आमांकायला दुसरीकडे कुठे जाता येत नाही. त्या घरांतल्या लोकांना दोष देणं मला पटत नाही. हिवाळाभर ओल्या भिंतींच्या खोलीत, नळाच्या पाण्याशिवाय राहायची हौस कुणाला नसते. त्यांना ती जागा विकणारा वेगळाच असतो. लिमात जमिनीची तस्करी हा खराखुरा धंदा आहे: सरकारी किंवा संरक्षित टेकडीवर चुन्याने रेघा मारून प्लॉट पाडायचे, रस्ता खणायचा, आणि कागद नसलेली जमीन गरजूंना विकायची. बुलडोझरने एकदा उतार खरवडला की कंदांसकट माती खाली जाते. शिवाय दगडखाणी, मेंढ्या आणि उतारावर मोटरसायकली पळवणारे हौशी.

कायद्याने काही झालेलं नाही असं नाही. लिमाच्या उत्तरेला साधारण 105 किलोमीटरवर लाचाय इथे 1977 पासून सुमारे 5 हजार हेक्टरांचं राष्ट्रीय अभयारण्य आहे. शहराला चिकटून असलेल्या टेकड्यांसाठी मात्र 2019 उजाडावं लागलं. त्या वर्षी आंकोन, काराबायो, आमांकाएस आणि विया मारिया इथले तुकडे मिळून 13 हजार हेक्टरांहून मोठं प्रादेशिक संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. नकाशावर रेघ आली. जमिनीवर ती राखायचं काम बरंचसं टेकडीखालच्या वस्त्यांतल्या लोकांनीच अंगावर घेतलं आहे. ज्यांना अतिक्रमण करणारे म्हणून हिणवलं गेलं, त्यांचीच पुढची पिढी पायवाटा आखते, वाटाड्याचं काम करते आणि नवीन रेघा मारणाऱ्यांशी भांडते. काही ठिकाणी धुकं पकडायला जाळ्या उभ्या केल्या आहेत. आपल्याकडे रोपवाटिकेवर ताणतात ती शेडनेट, तशीच जाळी दोन खांबांमध्ये वाऱ्याला आडवी ताणायची आणि खाली पन्हळ लावायची. या पाण्यावर तारा नावाची स्थानिक झाडं वाढवतात. झाड मोठं झालं की तेच धुकं गाळू लागतं.

फुलझाडांच्या शौकिनांकडून एक युक्तिवाद नेहमी येतो: युरोपातले कंदविक्रेते 'सल्फर क्वीन' नावाची फिकट पिवळी इस्मेने विकतात, ती बागांत सुखाने वाढते, मग काळजी कसली? ती आमांकाय आणि अँडीजमधली पांढरी इस्मेने यांच्या संकरातून आलेली आहे. दिसायला सुरेख, लावायला सोपी. पण कुंडीतला संकर वाढवून टेकडीवरचं झाड वाचत नाही. आणि अस्सल आमांकायचा कंद कुणी विकायला काढला, तर तो कुठून आला हे विचारायला हवं. इंटरनेटवर शोधताना आणखी एक घोळ होतो: अर्जेंटिना आणि चिलीच्या दक्षिण भागात आल्स्ट्रोमेरिया नावाच्या एका नारिंगी-पिवळ्या फुलझाडालाही आमांकायच म्हणतात. पेला नसेल आणि पाकळ्यांवर ठिपके-रेघा असतील, तर ते हे झाड नव्हे.

लिमाला जाणं झालंच, तर शहराच्या दक्षिणेला पाचाकामाक भागात केब्रादा व्हेर्दे गावातून लोमास दे लुकुमोची वाट सुरू होते. गावकरीच ती चालवतात. निसरडी असते, बूट चांगले हवेत, आणि दृश्य दिसेल अशी आशा ठेवू नये, कारण धुकं नसेल तर फुलंही नसतील. जूनअखेर ते जुलै ही आमांकायची वेळ. सप्टेंबरात गेलात तर टेकडी जास्त हिरवी मिळेल, इतर रानफुलंही असतील, पण आमांकायची तोवर फक्त पानं उरलेली असतात. वाट सोडू नका, कारण ती पानं गवतात चटकन ओळखू येत नाहीत.